नॉब्लाच्या लग्नातला नववा पेंढेवाला

नॉब्ला रुआन ही काही गाजलेली बाई नव्हे. गाई दोहायच्या, लोणी काढायचं, बटाटे लावायचे, रविवारी प्रार्थनेला जायचं. अशा बायका आमच्या डोंगराच्या दोन्ही अंगांना पैशाला पासरी मिळतील. पण तिच्या लग्नाची गोष्ट निघाली की ड्रमशी गावातला माणूस अजूनही आधी दार नीट लागलंय का ते बघतो आणि मगच तोंड उघडतो.

ती सतरा वर्षांची होती तेव्हा फेस्टी डरकन एकोणीसचा. दोघांच्या घरांमध्ये एक ओढा होता आणि फेस्टीच्या आईची, म्हणजे सिबेलची, जीभ होती. ओढा ओलांडणं त्यातल्या त्यात सोपं. फेस्टी डावरा. जेवायला डावा, कुदळीला डावा, नाचात सगळं गाव उजवीकडे वळलं की हा डावीकडे वळायचा आणि कुणाच्या तरी नाकावर आदळायचा. हर्लिंगच्या, म्हणजे काठीनं चेंडू मारायच्या खेळाच्या, मैदानात मात्र त्याच डाव्या हातात काठी आली की पलीकडच्या गावाच्या तोंडचं पाणी पळायचं.

"तू माझ्याबरोबर नाचू नकोस बाबा," नॉब्ला म्हणायची. "मला नाक एकच आहे."

"मग लग्नात कशी नाचणार?"

"कुणाच्या लग्नात?"

"आपल्या. दुसऱ्या कुणाच्या लग्नात मी एवढा घाम गाळणार आहे?"

झालं, एवढंच. आमच्याकडे पोरं याहून जास्त बोलत नाहीत, आणि बोललीच तर ती खोटं बोलतायत असं समजावं. त्या वसंतात नॉब्ला दलदलीत पीट, म्हणजे चुलीत जाळायची माती, कापायला गेली आणि कंबरेपर्यंत खड्ड्यात रुतली. फेस्टीनं तिला ओढून काढलं. तिचा एक बूट खाली गेला तो गेलाच. 'कुणाला सांगशील तर याद राख,' अशी तिनं त्याला शपथ घातली, कारण गावात हसं झालं असतं आणि बूट तिच्या आईचा होता.

आठवड्यानं मे महिना लागायच्या आदली संध्याकाळ आली. त्या संध्याकाळी काय करायचं नाही हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. गावाबाहेर जुना गोलबांध आहे, वर काटेरी झाडं आणि आत हिरवळ. तिथे भली मंडळी राहतात. त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारत नाहीत, आणि भली म्हणतात ते भीतीपोटी. त्यांच्यात हर्लिंगचे सामने होतात, पण त्यांच्या अंगात रक्त नाही. संघात एक तरी जिवंत गडी असल्याशिवाय त्यांचा सामना सामना ठरत नाही. म्हणून त्या संध्याकाळी अनोळखी माणूस येऊन 'एक गडी कमी आहे' म्हणाला, तर मान खाली घालून घरी जायचं.

करड्या कोटातला माणूस ओढ्याच्या पुलावर उभा होता. नॉब्लानं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"एक गडी कमी पडलाय," तो म्हणाला. "डावरा असेल तर फारच बरं."

नॉब्लानं फेस्टीची बाही धरली. "घरी चल. ऐकतोस ना?"

पण सामन्याला नाही म्हणायचं हे त्या पोराला जन्मात जमलं नव्हतं, आणि त्यातून कुणीतरी त्याच्या डाव्या हाताचं कौतुक केलेलं. "अर्ध्या तासात येतो गं," तो हसत म्हणाला. "तू तोवर केस विंचर. एरवी कुठे विंचरतेस?"

दुसऱ्या दिवशी त्याची काठी गोलबांधाला टेकवून ठेवलेली सापडली. पोलिसांनी तलाव ढवळला. फादर मेली म्हणाले, पोरगा अमेरिकेला पळाला. सिबेल तीन दिवस ओरडली आणि मग तिची ती प्रसिद्ध जीभ बंद पडली. सगळ्यात वाईट ते वाटलं लोकांना.

नॉब्ला दोन वर्षं थांबली. मग तिचा बाप टाइग जत्रेला गेला आणि एक गाय विकून सोयरीक घेऊन आला. बार्टली गॉहन, डोंगरापलीकडच्या ग्लॅनडूचा, वय चाळीस, घरी म्हातारी आई. तो मुलगी बघायला आला, बाकाच्या कडेवर बसला, तीन अंडी खाल्ली, आणि पावाला लोणी लावता लावता म्हणाला, "लोण्यात पाणी राहिलेलं नाही. हात चांगला आहे."

"हा मला बघायला आलाय की लोणी?" नॉब्ला आईजवळ फणफणली.

"लोणी बघणारा बरा, पोरी. तोंड बघणारे तोंड सुरकुतलं की उठून जातात."

निघताना बार्टलीनं तिला गोठ्याशी गाठलं. टोपी हातात गोल गोल फिरवत होता. "हे बघ," तो म्हणाला, "तुझ्या मनाविरुद्ध असेल तर मी सांगतो की मुलगी मला पसंत पडली नाही. दोष माझ्यावर येईल. माझं काय, मला सवय आहे."

असं बोलणारा पुरुष आमच्या डोंगरात शंभरात एक निघेल. पण नॉब्लाला ते दिसलं नाही. तिला त्याचे मोठे कान दिसले. "मला सगळं सारखंच," ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी लग्न लागलं. त्या दिवशी नाही लागलं तर ईस्टरपर्यंत थांबावं लागतं, म्हणून आमच्याकडे तो लग्नाच्या घाईचा दिवस. सकाळी चर्चमध्ये विधी झाला, दुपारी टाइगच्या घरी हंस, डुकराचं मांस, कोबी आणि बटाट्यांचा ढीग. नॉब्लानं निळा झगा घातला होता. ती हसत होती, कारण नाही हसलं तर लोक विचारतात.

तीनच्या सुमाराला पेंढेवाले आले. त्यांना कुणी बोलवत नाही, पण ते आले नाहीत तर लग्न अपुरं राहिल्यासारखं वाटतं. डोक्यावर पेंढ्याचा उंच निमुळता टोप, तोंड झाकून हनुवटीपर्यंत आलेला, खांद्यावर पेंढा, कंबरेला पेंढा. गावातलीच पोरं असतात ती, पण नाव विचारायचं नाही आणि टोपाला हात लावायचा नाही. टोप उचलला तर त्या पोराचा आणि त्याच्या साऱ्या घराचा अपमान होतो. अशा अपमानावरून दोन घरं तीस वर्षं एकमेकांच्या मयताला गेली नव्हती.

टाइगनं आठ पेले भरले. आठांनी ते टोपाखालून प्यायले. त्यांच्या म्होरक्यानं रिवाजाप्रमाणे नवरीला नाचायला ओढलं. त्याच्या अंगाला कोळशाचा वास येत होता, म्हणजे लोहाराचा पोरगा, हे नॉब्लानं दोन पावलांत ओळखलं. फिडलवाला जोरात होता. सिबेल कोपऱ्यात मुकी बसली होती. बार्टली चुलीपाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता, त्याही चुकीच्या ठेक्यावर.

मग दुसऱ्या एका पेंढेवाल्यानं म्होरक्याच्या हातातून तिचा हात घेतला आणि तो डावीकडे वळला.

नॉब्लाच्या अंगाचा तिळपापड झाला. पेंढेवाले थट्टा करतात, नवरीची तर करतातच, पण यालाही काही सीमा? "कुणी शिकवलं तुला डावीकडे वळायला?" ती दात खाऊन पुटपुटली. "लाज कशी वाटत नाही रे? त्याची आई बसलीय तिथं."

टोपाच्या आतून आवाज आला. "बुटाचं कुणाला सांगितलं नाही गं मी. एकच तर आठवडा झालाय, एवढ्यात कशाला रागावतेस?"

तिचे पाय नाचत राहिले, कारण पायांना काही कळत नसतं. नजर खोलीभर फिरली. दाराशी तीन, खिडकीशी दोन, बापाच्या शेजारी दोन, फिडलवाल्याजवळ म्होरक्या. आठ. आणि तिचा हात धरून हा नववा. त्याचा हात ओढ्यातल्या दगडासारखा गार होता.

"फेस्टी?"

"मग दुसरा कोण? आत सामना लांबलाच बघ जरा. सुटी झाली तेव्हा फिडल ऐकू आलं, म्हणून आलो." तो थांबला. मग अगदी सहज विचारलं, "कुणाचं लग्न आहे गं?"

नॉब्लाला चर्चमधून येऊन पाच तासही झाले नव्हते. पण उत्तर ऐकायला त्याला वेळ नव्हता. तो घाईनं सांगू लागला. "हे गाणं संपलं की मला परत जावं लागेल, आणि मग सुटी नाही. टोप काढ माझा. मला स्वतःला तो काढता येत नाही. काढ आणि चुलीत टाक. खाली पडू देऊ नकोस. जो तो डोक्यावर घेईल तो माझ्या जागी जाईल. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली.

फिडल शेवटच्या फेरीला आलं होतं. साऱ्या गावादेखत, बापाच्या घरात, स्वतःच्या लग्नात, नॉब्लानं दोन्ही हातांनी पेंढेवाल्याचा टोप धरला आणि उपटून काढला.

फिडल थांबलं. खाली फेस्टी डरकनचं तोंड होतं, दोन वर्षांपूर्वीचंच, हनुवटीवर दाढी करताना झालेली जखमही अजून ताजी. सिबेल किंचाळली. दोन वर्षांत तिच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज, आणि तो ऐकून घरातल्या बायका गुडघ्यांवर कोसळल्या. फेस्टीचे डोळे फिरले आणि तो नॉब्लाच्या अंगावर कलला. तिनं त्याला सावरायला दोन्ही हात पुढे केले. टोप खाली पडला.

म्होरक्याला फिडलवाल्याजवळून तोंड दिसलंच नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच, की नवरीनं त्याच्या एका गड्याला उघडं पाडलं. "हा काय प्रकार?" तो गरजला. "रुआनांच्या घरात हीच रीत आहे का? आम्ही दारू प्यायला आलो होतो, बेअब्रू करून घ्यायला नाही!"

हाणामारी होणार हे उघड होतं. तेवढ्यात बार्टली गॉहन पुढे आला. तो परका, ग्लॅनडूचा. फेस्टी कोण, कुठला, हे त्याला कुणी धड सांगितलं नव्हतं. लग्न ठरलेल्या घरात असल्या गोष्टी कोण सांगतं? त्याला वाटलं, एक पोरगा प्यायला आणि नवरीचा तोल जाऊन हात लागला. बायकोची लाज राखायची एवढंच त्याच्या डोक्यात.

"अरे, रागावू नका, पोरांनो," तो हसत म्हणाला. "आमच्या ग्लॅनडूत रीतच आहे. पेंढेवाल्यांचा टोप पडला तर नवऱ्यानं तो घालून एक फेरी नाचायची, म्हणजे मान राहतो. तुमच्या माणसाच्या जागी मी. चालेल ना?"

आणि तो वाकला.

त्याच्या आणि टोपाच्या मध्ये हातभर अंतर होतं. नॉब्लाला सगळं स्वच्छ दिसलं. फेस्टी तिच्या हातांत होता, ऊबदार होत चालला होता. 'थांबा' एवढा एक शब्द पुरेसा होता. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही. पण त्याच क्षणी दुसरी गोष्ट तिच्या मनात आली, पूर्ण, शहाणी, जणू कुणीतरी आधीच विचार करून ठेवलेली: हा गेला, तर मी सुटले.

बार्टलीनं टोप उचलला, झटकला, डोक्यावर ठेवला. त्याचे कान आत मावायला थोडा वेळ लागला, आणि तेवढ्यातही बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

म्होरक्याचा राग उतरला. लोक हसले, सुटल्यासारखे हसले. फिडल सुरू झालं. बार्टली पेंढेवाल्यांबरोबर एक फेरी नाचला, वाईटच नाचला, आणि रिवाजाप्रमाणे पेंढेवाले ओळीनं दाराबाहेर पडले तसा त्यांच्यामागे शेवटचा बाहेर पडला. उंबऱ्यापाशी त्यानं वळून नॉब्लाकडे पाहून हात हलवला. चौकात पोरांनी टोप काढले तेव्हा ती आठ होती.

पुढचं साऱ्यांना माहीत आहे. आठ दिवस बार्टलीसाठी डोंगर धुंडाळला. भल्या मंडळींची बाधा उतरावी म्हणून फेस्टीला त्याच्या आईनं मीठ चारलं, आणि तो चार दिवसांनी उठून म्हणाला की सामना कोण जिंकलं? दोन वर्षं गेली हे त्याला पटेना. नॉब्लाचं लग्न झालं हे सांगितल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. टोप कुणी उचलला हे त्याला ठाऊक नव्हतं, तो शुद्धीवरच नव्हता, आणि त्याच्यासमोर त्या लग्नाचा विषय कुणी काढत नसे; टोप जळला असंच तो धरून चालला. गावाला टोपाचं मर्म ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं बार्टली दारूत खड्ड्यात पडला, कुणी म्हणालं बायकोच्या जुन्या यारामुळे लाजून परागंदा झाला. दोन्ही गोष्टी माहीत असलेली एकच बाई होती आणि ती गप्प होती.

नॉब्ला डोंगर ओलांडून ग्लॅनडूला नांदायला गेली. नवऱ्यावाचून. बाप म्हणाला, वेडी झालीस का. ती म्हणाली, "लग्न झालंय माझं. गाई कोण दोहणार?" सासू ओना सत्तरीची, डोळे अधू, स्वभावानं लेकासारखीच. तिनं पहिल्याच दिवशी सुनेला चुलीजवळची खुर्ची दिली. ती रोज संध्याकाळी तिसरी ताटली मांडायची, आणि नॉब्ला रोज ती स्वच्छच विसळायची. सात वर्षं.

आणि सात वर्षं दर रविवारी फेस्टी डोंगर चढून यायचा. आवाराच्या भिंतीपलीकडे उभा राहायचा.

"अजून नाक एकच आहे का?" तो विचारायचा.

"जा घरी," ती म्हणायची. पण रविवारी केस विंचरायची. हे खोटं कशाला सांगू? त्याच्यावर तिचा जीव होता, तसूभरही कमी झाला नव्हता. तेच तर तिला खात होतं. जे हवं म्हणून गप्प बसली, ते भिंतीपलीकडे उभं होतं आणि तिला हात पुढे करवत नव्हता.

सात वर्षं झाली तेव्हा फादर मेली म्हणाले की आता पुरे. नॉब्लानं चर्चमध्ये बायबलवर हात ठेवून सांगावं की बार्टली मेला असं आपण खरोखर मानतो, मग मृतांची प्रार्थना होईल आणि ती मोकळी होईल. फेस्टी त्या रविवारी भिंत ओलांडून आत आला. आणि सगळ्यात कहर म्हणजे ओनाच तिला म्हणाली, "शपथ घे, पोरी. माझं लेकरू गेलं. तू का म्हणून त्याच्याबरोबर मरतेस? त्या पोराला मी सात वर्षं बघतेय. माझ्या अधू डोळ्यांनाही दिसतं."

म्हातारी तसं म्हणाली नसती तर कदाचित नॉब्लानं शपथ घेतलीही असती.

चर्चमध्ये चौघंच होती. फादर, ओना, फेस्टी नवा कोट घालून, आणि ती. आमच्याकडे जुनी माणसं मानतात की भल्या मंडळींनी नेलेल्यावर मृतांची प्रार्थना झाली की त्याची वाट बंद होते, मग तो शंभर वेळा दाराशी आला तरी उंबरा ओलांडू शकत नाही. फादरना हे पटत नसे. नॉब्लानं पुस्तकावर हात ठेवला.

"सांग, बाळ," फादर म्हणाले. "बार्टली गॉहन मेला असं तू मानतेस?"

"नाही."

फेस्टीनं मान वर केली.

"तो जिवंत आहे," नॉब्ला म्हणाली. "फेस्टीच्या जागी गेलाय. टोप जो घालेल तो जाईल, हे फेस्टीनं मला नाचताना सांगितलं होतं. जाळ म्हणाला होता. यांनी टोप उचलला तेव्हा मी बघत होते. मला माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर ते थांबले असते. माझी लाज राखायला ते वाकले, आणि मी मुद्दाम गप्प बसले, कारण मला हा हवा होता."

फादर मेलींनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, त्यांना हातांचं काय करावं कळेना. फेस्टी बाकाला धरून उभा होता. आपण कुणाच्या बदल्यात सात वर्षं ऊन खाल्लं हे त्याला त्या घटकेला कळत होतं, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्यानं नॉब्लाकडे एकदा पाहिलं, मग पाहवेना, मग तो बाहेर गेला. त्यानं दार लावलं नाही.

ओना जागची हलली नाही. ती आता शाप देईल, थुंकेल, असं नॉब्लाला वाटलं, नव्हे, द्यावा असंच वाटलं. म्हातारीनं तोंड तिच्या आवाजाच्या दिशेनं वळवलं.

"फेब्रुवारी होता ना गं?" तिनं विचारलं. "जाताना त्याच्या अंगात कोट होता का?"

"नव्हता, आई," नॉब्ला म्हणाली. "चुलीपाशी गरम होत होतं म्हणून काढून ठेवला होता."